ई-सिगारेटच्या लिक्विडमध्ये असं काय असतं की धूर कमी-जास्त निघतो?

भाऊ, तुम्ही एकात दोन प्रश्न विचारले आहेत. धूर कशाने वाढतो, हा पहिला. आणि नागपूरला शिकणारा तुमचा धाकटा भाऊ म्हणतो, 'माझ्या पेनमधून (पेनासारख्या छोट्या ई-सिगारेटमधून) धूर कमी निघतो, म्हणजे ती सौम्य आहे', हे खरं का, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण तेच महत्त्वाचं आहे: नाही. किती धूर दिसतो यावरून किती निकोटीन शरीरात जातंय हे कळत नाही.

मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. केलं आणि आता यवतमाळ जिल्ह्यात लग्नांना लाइट-साउंड लावतो. नवरानवरीच्या एन्ट्रीला जे स्मोक मशीन सोडतो, त्याचं लिक्विड आणि ई-सिगारेटचं लिक्विड धुरापुरतं एकाच कुळातलं: ग्लायकॉल, ग्लिसरीन आणि पाणी. त्यामुळे ही गोष्ट रोज डोळ्यांसमोर असते.

जो दिसतो तो धूर नाही, आणि खरं म्हणजे वाफही नाही. वाफ डोळ्यांना दिसतच नाही. तापलेल्या कॉइलवर (तारेच्या वेटोळ्यावर) लिक्विडची वाफ होते, पुढे गार हवा लागली की तिचे बारीक थेंब बनतात आणि ते थेंब आपल्याला पांढरे दिसतात. म्हणजे थेंब किती बनले आणि किती वेळ टिकले, सगळा खेळ एवढ्यावरच.

लिक्विडमध्ये मुख्य दोन गोष्टी असतात. प्रॉपिलीन ग्लायकॉल पातळ, १८८ अंशाला उकळणारं. ते फ्लेवर चांगला धरतं आणि घशाला चरचरतं. ग्लिसरीन घट्ट, थोडं गोडसर, २९० अंशाला उकळणारं. दाट ढग करतं ते ग्लिसरीन. म्हणून ७०/३० लिहिलेल्या, म्हणजे ७० टक्के ग्लिसरीनच्या बाटलीतून भरपूर ढग निघतो आणि ५०/५० मधून त्यापेक्षा कमी. पण ग्लिसरीन ग्लायकॉलपेक्षा साधारण वीसपट घट्ट असतं, छोट्या पेनमधल्या वातीतून ते लवकर चढत नाही. ती वात बहुतेक वेळा कापसाचीच असते, आपल्याकडच्या माणसाला तिचं वागणं वेगळं सांगायला नको. थंडीत लिक्विड आणखी घट्ट होतं, वात कोरडी पडते, आणि मग लिक्विडऐवजी कापूसच करपतो.

हवामानाचा परिणाम लोक धरतच नाहीत. मे महिन्यात दुपारच्या लग्नात, पारा ४४-४५ वर असताना, मी मशीन कितीही सोडलं तरी नवरी स्टेजपर्यंत पोचायच्या आत सगळं विरून जातं. कोरड्या तापलेल्या हवेत ते थेंब बघता बघता उडून जातात. तेच मशीन, त्याच कॅनमधलं लिक्विड डिसेंबरच्या रात्री सोडलं की ढग मांडवात रेंगाळतो, फोटोवाला ओरडतो की चेहरे दिसत नाहीत. पावसाळ्यात ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढून घेतं, तेव्हाही तो बराच वेळ टिकतो. म्हणजे तुमचा भाऊ हिवाळ्यात सकाळी ओढेल तेव्हा जास्त 'धूर' दिसेल आणि उन्हाळ्यात कमी. छातीत जाणारा माल तेवढाच.

बाकी कॉइलला मिळणारी पॉवर, कॉइलचा आकार आणि हवेचं भोक. पॉवर वाढली की जास्त लिक्विड उडतं. भोक मोठं असलं की जास्त वाफ गार होते.

आता निकोटीन. ढग उडवण्याच्या नादातल्या मोठ्या ई-सिगारेट मशीनमध्ये सहसा ३ किंवा ६ मिलिग्रॅम प्रति मिली निकोटीनचं लिक्विड भरतात. लहान पेनमध्ये मात्र निकोटीन सॉल्ट असतं, त्यात बेंझोइक ॲसिड घालून घशाची जळजळ मारलेली असते, म्हणून निकोटीन कितीतरी जास्त असलं तरी ते सहज ओढलं जातं. युरोपात कायद्याने २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. अमेरिकेत ५० च्या वरचंही विकलं गेलं. धूर चिमूटभर, निकोटीन सगळ्यात जास्त, असा प्रकार आहे हा. मोठ्या मशीनवाल्यांनीही खूश होऊ नये, कारण तिथे लिक्विडच भरपूर उडतं.

आणखी एक. कढईत तेल फार तापलं की डोळ्यांना झोंबणारा जो वास येतो, तो ॲक्रोलीनचा. ग्लिसरीन जास्त तापलं की तेच तयार होतं, सोबत फॉर्मल्डिहाइडही. स्मोक मशीनमधलं लिक्विड संपत आलं की मलाही तो वास येतो, मी लगेच बटण बंद करतो. पेन ओढणाऱ्याच्या तो थेट छातीत जातो.

धूर वाढवायला मेडिकलमधलं ग्लिसरीन किंवा कुठलंही तेल घालायचं त्याच्या डोक्यात असेल तर आजच थांबवा. अमेरिकेत २०१९-२० मध्ये व्हिटॅमिन ई ॲसिटेट हा तेलकट पदार्थ मिसळलेल्या, मुख्यतः गांजाच्या अर्काच्या ई-सिगारेट लिक्विडमुळे फुप्फुसं निकामी होऊन माणसं दगावली. आणि भेसळीचं म्हणाल, तर १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं आणि १४ रुग्ण गेले. ते तर औषध म्हणून दिलं होतं. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेट बनवणं, आणणं, विकणं, साठवणं सगळं बंद आहे. पहिल्या विक्रीला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे त्याच्या हातातली पेन चोरट्या मार्गाने आलेली आहे, आणि खोक्यावर लिहिलेल्या आकड्याची हमी कुणी घेत नाही.

आमच्याकडे खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) सोडायचा म्हणून पेन धरलेली पोरं मी पाहतो, आणि बऱ्याच जणांचं दोन्ही चालू राहतं. तुमच्या भावाशी धुरावरून वाद घालू नका. सकाळी उठल्यावर किती वेळात पेन हातात घेतोस, एवढं विचारा. अर्ध्या तासाच्या आत घेत असेल, तर निकोटीनची सवय पक्की झाली आहे असं धरा आणि १८००-११-२३५६ या तंबाखू सोडवण्याच्या राष्ट्रीय क्रमांकावर त्याला फोन लावून द्या. फोनला पैसे लागत नाहीत.