वाचकांचे प्रश्न : कॅम बदलतोय, मग चेनचं काय?

प्रश्न : नमस्कार दादा, माझी २००७ ची करिझ्मा बाईक आहे, ६२ हजार किलोमीटर झालेत. कोल्हापुरात एकाकडून जुना कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) घासून जास्त लिफ्टचा, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उघडेल असा, करून घेतलाय. आता आमचा मेस्त्री म्हणतो टायमिंग चेन (क्रँकवरून कॅम फिरवणारी), ती जिच्यावरून घसरते त्या पट्ट्या, चेन ताणून धरणारा टेन्शनर, स्प्रॉकेट म्हणजे दात्यांची चाकं, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा सगळं नवीन टाक, आणि मित्र म्हणतो नुसता कॅम टाक नि पळव. नक्की काय काय बदलू?

उत्तर : तुमचा मेस्त्री पाऊण बरोबर आहे आणि मित्राला त्याच्या खिशातून पैसे जाणार नाहीयेत.

असं बघा, कॅम वरून निघतो, टॅपेट कव्हर काढलं की झालं, पण चेन खाली क्रँकवर बसलेली असते आणि ती काढायला डावीकडचं मॅग्नेट (क्रँकच्या टोकावरचं वीज बनवणारं चाक) पुलर लावून ओढावं लागतं, म्हणजे मजुरी तिथे आहे. म्हणून ६२ हजारावर चेन आणि दोन्ही पट्ट्या एकदमच टाका, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. मी एकदा चेनमध्ये पैसे वाचवले होते, तीन आठवड्यांत परत तेच सगळं उघडलं, पॅकिंगचे पैसे दुसऱ्यांदा गेले आणि बायकोने विचारलं की गाडी नक्की चालते कधी.

आणि हे फक्त खडखड आवाजासाठी नाही. चेन झिजून लांबली की कॅम मागे पडतो, मॅग्नेटवरची टी खूण (पिस्टन अगदी वर आल्याची) बरोबर जुळवली तरी वरच्या स्प्रॉकेटची रेघ हेडच्या काठाशी सरळ आडवी येत नाही, किंचित कलते. मग कमी आरपीएमचा पिकअप मरतो आणि आपण शिव्या घालतो कॅम घासणाऱ्याला! उघडाल तेव्हा ही रेघ आधी बघा, फोटो काढून ठेवा. पट्ट्यांवर चेनचा खोल चर पडलाय का तेही बघा, आणि ऑइलच्या जाळीत काळे तुकडे सापडले तर ते पट्टीचेच समजा.

टेन्शनर काढून हातात घ्या, दांडी बाहेर आली की अंगठ्याने आत दाबा, सहज आत गेली तर तो गेला, नाही गेली तरी नवीन चेनला जुना टेन्शनर मी तरी ठेवत नाही. वरचं स्प्रॉकेट मात्र उगाच बदलू नका, दात शार्कच्या पंखासारखे एका बाजूला वाकलेले दिसले तरच. खालच्याचंही तेच, दात ठीक असतील तर हात लावू नका. या गाडीचे ओरिजिनल पार्ट आता शोधत फिरावे लागतात, चेन घेताना जुनी सोबत न्या आणि कड्या मोजून घ्या.

स्प्रिंगांचं उत्तर तुमच्या कॅमवर आहे. लिफ्ट किती वाढली ते घासणाऱ्याला विचारा, मग व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकत नाहीत ना ते बघा. टेकत असतील तर स्प्रिंग बदलायचीच. घासलेल्या कॅमचा मूळ गोल लहान होतो म्हणून टॅपेटचा (व्हॉल्व्हची गॅप ठरवणारा) स्क्रू नेहमीपेक्षा जास्त आत जाईल, घाबरू नका, पण आटे पुरतात का बघा. रॉकर म्हणजे कॅमवरून व्हॉल्व्ह दाबणारा हात, त्याचा कॅमच्या लोबला (उंचवट्याला) टेकणारा भाग नखाने चाचपा, खड्डा लागला तर नवीन कॅमवर तो रॉकर नको, आठवड्यात कॅम खाईल.

शेवटी व्हॉल्व्ह आणि पिस्टनमध्ये जागा किती उरते ते बघायला पिस्टनवर मुलांची खेळायची माती थापा, हेड बसवून क्रँक हाताने दोन फेरे फिरवा, परत काढून माती कापून जाडी मोजा, इनटेकला १.५ आणि एक्झॉस्टला २ मिमीपेक्षा कमी असेल तर तो कॅम माझ्या गाडीत जाणार नाही. फिरवताना कुठे अडलं तर पान्यावर जोर देऊ नका, तिथेच थांबा.

प्रश्न : वरच्या स्प्रॉकेटवर एक दात चुकला तर किती फरक पडतो? (सांगलीहून)

उत्तर : भरपूर. समजा स्प्रॉकेटला ३४ दात आहेत, तर एक दात म्हणजे कॅमचे साधारण १०.६ अंश, आणि कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो म्हणून क्रँकवर तेच २१ होतात. गाडी कदाचित स्टार्ट होईलही, पण जास्त लिफ्टचा कॅम असेल तर व्हॉल्व्ह पिस्टनला भेटू शकतो. म्हणून टेन्शनर बसवल्यावर हाताने दोन फेरे फिरवून खुणा परत जुळवा, टेन्शनर बसवायच्या आधी जुळवलेल्या खुणा धरायच्या नाहीत.