एका ‘डी’साठी दोन रात्री

प्रश्न : ताई, मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. युनिटी या गेम इंजिनमध्ये एक टूडी गेम करतोय. कोड लिहायला एडिटर कोणता घ्यावा म्हणून तीन व्हिडिओ पाहिले. एक म्हणतो व्हिज्युअल स्टुडिओ, दुसरा म्हणतो व्हीएस कोड, तिसऱ्याच्या मते रायडरशिवाय तरणोपाय नाही. माझ्या लॅपटॉपला 8 जीबी रॅम आहे. त्यात मित्र ऐकवतो, की खरा प्रोग्रामर साध्या नोटपॅडमध्येही कोड लिहितो. काय करू?

उत्तर : आधी तुझ्या मित्राचं बघू, कारण एके काळी मीही तेच म्हणायचे. काळ्या पडद्याचा एक हलकाफुलका टेक्स्ट एडिटर होता माझ्याकडे, आणि त्याचा मला फार अभिमान होता. त्यात मी पहिला टूडी गेम लिहायला घेतला. खेळाडू नाण्याला शिवला की नाणं नाहीसं व्हायला हवं, एवढंच काम. पण खेळाडू नाण्यातून आरपार जायचा आणि नाणं जागच्या जागी. टक्कर ओळखणारा कोलायडर तपासला, हालचाल सांभाळणारी रिजिडबॉडी तपासली, ‘इज ट्रिगर’ची खूण काढून पुन्हा लावली, लेअर उलटेपालटे केले. कन्सोलवर लाल अक्षरात एक ओळ येईल तर शपथ. दुसऱ्या रात्री कधीतरी लक्षात आलं, की ‘ऑनट्रिगरएंटर2डी’ या फंक्शनच्या नावातला शेवटचा ‘डी’ मी छोटा लिहिलाय. तो कॅपिटल हवा होता.

सी शार्प या युनिटीच्या कोडिंग भाषेच्या लेखी यात काहीच चुकलेलं नव्हतं. आपल्या क्लासमध्ये आपण कुठल्याही नावाचं फंक्शन लिहावं, कोड तपासणाऱ्या कंपायलरची ना नाही. युनिटी मात्र ठरावीक स्पेलिंगचंच फंक्शन शोधते आणि ते सापडलं नाही, तर ब्र न काढता पुढे जाते. युनिटी ओळखणारा एडिटर असता, तर ‘ऑनट्रि’ एवढं टाइप केल्यावर पूर्ण नाव त्यानेच पुढे केलं असतं. व्हिज्युअल स्टुडिओ तर अशा फंक्शनच्या डोक्यावर ‘युनिटी मेसेज’ अशी बारीक पाटी लावतो. पाटी दिसली नाही, की समजायचं, स्पेलिंग गंडलंय. अर्ध्या मिनिटाचं काम.

तेव्हा एडिटर चांगला की वाईट हे सोड. तो तुझ्या इंजिनला ओळखतो का, हे बघ. तू नावं घेतलेले तिन्ही ओळखतात. म्हणजे तिन्ही व्हिडिओवाले खरंच बोलत होते, फक्त तुझी 8 जीबी रॅम त्यांच्यासमोर नव्हती. युनिटी उघडली, शेजारी ब्राउझर उघडला, की त्यातली बरीचशी संपते. त्यावर व्हिज्युअल स्टुडिओ किंवा रायडर चढवलास, तर स्क्रिप्ट सेव्ह करून गेमकडे वळेपर्यंत पंख्याचा आवाज ऐकत बसशील. तुझ्यासाठी व्हीएस कोड. तोही पिसासारखा हलका नाही, पण निभेल.

मात्र नुसता इन्स्टॉल करून भागत नाही आणि निम्मे लोक इथेच अडकतात. व्हीएस कोडमध्ये मायक्रोसॉफ्टचं ‘युनिटी’ नावाचं एक्स्टेंशन टाक. सी शार्पची एक्स्टेंशनं त्याच्यासोबत आपोआप येतात. मग युनिटीच्या प्रेफरन्सेसमध्ये ‘एक्स्टर्नल टूल्स’ उघडून तिथे एडिटर म्हणून व्हीएस कोड निवड. आता गंमत बघ. युनिटीच्या पॅकेज मॅनेजरमध्ये ‘व्हिज्युअल स्टुडिओ एडिटर’ आणि ‘व्हिज्युअल स्टुडिओ कोड एडिटर’ अशी दोन पॅकेजं भेटू शकतात. नाव वाचून कुणीही दुसऱ्यावर हात ठेवील, पण ते जुनं आहे, त्याची देखभाल थांबली आहे. व्हीएस कोडसाठीही पहिलंच लागतं. ही नावं कुणी ठरवली असतील, त्याला माझा कोपरापासून नमस्कार. एवढं करूनही टाइप करताना नावांच्या सूचना येईनात, तर त्याच ‘एक्स्टर्नल टूल्स’मध्ये प्रोजेक्ट फाइल्स नव्याने बनवायचं बटण आहे, ते दाब.

जमलं की नाही, याची माझी परीक्षा ब्रेकपॉइंटची. ओळीच्या डावीकडे क्लिक करून लाल ठिपका दे, एडिटर युनिटीला जोड, गेम चालू कर. त्या ओळीवर गेम जागीच थिजला पाहिजे आणि व्हेरिएबलवर माउस नेल्यावर आतली किंमत दिसली पाहिजे. हे ज्या एडिटरात होत नाही, तो गेमसाठी घेऊ नकोस, त्याची थीम कितीही देखणी असो. समज, 40 शत्रू आहेत आणि त्यातला एखादाच अधूनमधून जमिनीखाली पडतो. प्रत्येकाची जागा लॉगमध्ये छापलीस, तर सेकंदाला 60 फ्रेमच्या हिशेबाने 2400 ओळी धो धो वाहतील. त्यात काय शोधणार, कपाळ? त्यापेक्षा त्याच लाल ठिपक्याला अट घालता येते : ‘वाय’, म्हणजे शत्रूची उंची, उणे दहाच्या खाली गेला तरच थांब. गेम बरोबर त्या पडणाऱ्या शत्रूपाशी थांबतो.

एक धोका सांगून ठेवते. एडिटरातून पब्लिक व्हेरिएबलचं नाव बदललंस, की कोडमध्ये सगळीकडे बदलतं, पण सीन आणि प्रीफॅबच्या (पुन्हा पुन्हा वापरायच्या तयार वस्तूंच्या) फाइलींत जुनंच नाव राहतं. युनिटीच्या इन्स्पेक्टर या खिडकीत हाताने भरलेले वेग, ताकद, उडीची उंची, सगळं कोडमधल्या मूळ किमतीवर येतं, आणि पुन्हा कुठेही लाल अक्षर नाही. त्या व्हेरिएबलवर ‘फॉर्मर्ली सीरियलाइज्ड अ‍ॅज’ हे अ‍ॅट्रिब्यूट जुन्या नावासकट लिहिलंस, तर किमती टिकतात. रायडर नाव बदलताना ही ओळ घालायचं काम स्वतः करतो. शिवाय दर फ्रेमला चालणाऱ्या ‘अपडेट’मध्ये महागडी शोधाशोध लिहिलीस, तर तिथल्या तिथे खुणावतो. ऑक्टोबर 2024 पासून तो विनाव्यावसायिक वापरासाठी मोफत आहे. पुढे जास्त रॅमचं मशीन हाती आलं, तर जरूर बघ. पण गेम विकायला काढलास, की परवाना लागेल.

प्रश्न : मी गोडो हे गेम इंजिन शिकते आहे. त्यातच स्क्रिप्ट लिहायची सोय आहे, तरी सगळे व्हीएस कोड जोडा म्हणतात. आतलाच एडिटर वापरणं कच्चेपणाचं आहे का?

उत्तर : अजिबात नाही. जीडीस्क्रिप्ट, म्हणजे गोडोची स्वतःची भाषा लिहीत असशील, तर आतलाच वापर. सीनमधला एखादा नोड, म्हणजे घटक, कंट्रोल दाबून धरून स्क्रिप्टमध्ये ओढून सोड. गोडो 4 मध्ये तो नोड कोडमध्ये वापरता यावा म्हणून लागणारी ‘ऑनरेडी’ ओळ तयार होऊन पडते. बाहेरच्या एडिटरला हे सुख नाही. सी शार्प निवडलंस तर मात्र बाहेर पडावंच लागेल, कारण आतल्या एडिटरची सी शार्पची समज अगदी जुजबी आहे. आणि जीडीस्क्रिप्टसाठी हौस म्हणून व्हीएस कोड जोडलासच, तर गोडो बंद करू नकोस. सूचना गोडोच पुरवत असतो, गोडो 4 मध्ये 6005 या पोर्टवरून. तो मिटला की एडिटर मुका होतो आणि आपण उगाच एक्स्टेंशन काढून-घालून बघत राहतो.

प्रश्न : नोकरीत दहा वर्षं विम हा कीबोर्डवरच चालणारा एडिटर वापरतोय. आता हौसेने अनरिअल या गेम इंजिनमध्ये सी प्लस प्लस लिहायचं आहे. विम चालेल?

उत्तर : लिहायला चालेल. 2016 मध्ये लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल, म्हणजे भाषा जाणणाऱ्या प्रोग्रामशी कुठल्याही एडिटरने बोलायची सामायिक पद्धत आल्यापासून विमलाही ऑटोकम्प्लीटच्या चांगल्या सूचना मिळू शकतात. पण अनरिअलचा पसारा अवाढव्य, त्याची मॅक्रो वेगळीच, आणि डीबगिंग, म्हणजे चुका शोधायची सोय, जुळवण्यात तुमचे रविवार जातील. तुमच्या बोटांना सवय विमच्या कळांची आहे ना? मग रायडर घ्या आणि त्यात ‘आयडियाविम’ प्लगइन टाका. विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओ घेणार असाल, तर इन्स्टॉल करताना सी प्लस प्लसमधल्या गेम डेव्हलपमेंटच्या वर्कलोडवर (साधनांच्या गठ्ठ्यावर) खूण करायला विसरू नका. मी विसरले होते, आणि मग पहिलंच प्रोजेक्ट बिल्ड होईना म्हणून अनरिअलला शिव्या घालत बसले.