साहसी खेळ कोठे संपतो आणि बेदरकारपणा कोठे सुरू होतो?

महाविद्यालयात शिकणारा आपला मुलगा जुलैमध्ये मित्रांबरोबर हरिहर किल्ल्यावर जायचे म्हणतो आहे, त्याला अडवावे की जाऊ द्यावे, असे आपण विचारले आहे. मी नाशिकचा असून त्र्यंबक-इगतपुरीच्या डोंगरांत नेहमी फिरतो. माझ्या मते एखादी गोष्ट किती धोक्याची आहे, यावरून ही सीमा ठरत नाही. करणाऱ्याला वाटेत माघार घेता येते का आणि ती घेण्याची त्याची तयारी आहे का, हे मी आधी पाहतो.

टोकाचेच उदाहरण घ्यायचे तर, अमेरिकेतील ॲलेक्स होनोल्ड हा ३ जून २०१७ रोजी योसेमिटीतील एल कॅपिटन हा सुमारे ९०० मीटर उंचीचा कडा दोराशिवाय, एकटाच, चार तासांच्या आत चढून गेला. ऐकताना हा निव्वळ वेडेपणा वाटतो. परंतु त्याच वाटेवर त्याने आधी दोर लावून दीर्घकाळ सराव केला होता आणि २०१६ मध्ये चढाईला सुरुवात केल्यावर मन साथ देत नाही असे दिसताच ती सोडूनही दिली होती. (माझ्या घरातील कोणी असे करायला निघाले तर मी दारातच आडवा पडेन, हा भाग वेगळा.)

आता हरिहर. तेथील स्कॉटिश कडा १९८६ मध्ये डग स्कॉट या ब्रिटिश गिर्यारोहकाने सर केला, म्हणून त्याला ते नाव पडले. आपला मुलगा त्या बाजूला जाणार नाही. तो कातळात खोदलेल्या खड्या पायऱ्यांनी जाईल. त्या पायऱ्यांना हात रोवण्यासाठी खोबण्या आहेत आणि हिवाळ्यात, आडवारी, कोरड्या दगडावर धडधाकट माणसाला ती चढण नीट जमते. पावसाळ्यातील रविवारी मात्र दगड निसरडा झालेला असतो, खालून चढणारे आणि वरून उतरणारे त्याच अरुंद पायऱ्यांवर समोरासमोर येतात, आणि मधोमध अडकलेल्या माणसाला, त्याचा अनुभव कितीही असो, ना वर जाता येते ना खाली. माघार घेण्याचा निर्णय तेव्हा त्याच्या हातात उरलेला नसतो, तो गर्दीच्या हातात गेलेला असतो. ओढ्याचे पाणी चढत असताना दुगारवाडीच्या धबधब्याकडे पलीकडे उतरून जाणाऱ्याचेही तेच होते. शिवाय त्याला शोधायला रात्री पावसात आजूबाजूच्या गावांतील मुले उतरतात. त्यांना तो धोका पत्करायचा आहे का, हे कोणी विचारत नाही.

चांगले बूट, हेल्मेट, जाणता वाटाड्या हे सर्व हवेच, पण त्यावर येथे अधिक लिहीत नाही.

मुलाला सरसकट मनाई करू नका. वार कोणता, पायऱ्यांशी गर्दी दिसली तर काय करणार, किती वाजता परत फिरायचे आणि सर्वांना परत फिरवण्याचा शब्द गटात कोणाचा चालतो, एवढे विचारा. शेवटच्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, तर मी असतो तर डिसेंबरपर्यंत थांबायला सांगितले असते.