यॉर्कशरच्या किनाऱ्यावर हिवाळाभर दोन लॅब्रॅडॉर आणि घर सांभाळायचं आहे, काय काळजी घ्यावी?

जरूर जा. मी व्हिटबीजवळ एक अख्खा हिवाळा असाच काढलाय.

सगळ्यात आधी भरती-ओहोटी. रॉबिन हूड्स बे या तिथल्या किनाऱ्यावर भरतीचं पाणी थेट कड्याला भिडतं आणि परतीची वाट बंद होते. वेळापत्रक फ्रिजवर चिकटवा, पाणी उतरत असतानाच निघा. डिसेंबरअखेर पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून मोठी फेरी दुपारच्या आत उरका. कड्यावर दोघांनाही पट्टा हवाच. कुत्रा खाली घसरला तर मागे उतरू नका, 999 हा आपत्कालीन नंबर लावून कोस्टगार्ड मागा.

घरी आल्यावर पंजे कोमट पाण्याने धुवा. बोटांच्या बेचक्यात वाळू आणि मीठ अडकून राहतं, मग रात्रभर चाटणं चालतं. माझ्याकडची म्हातारी लॅब्रॅडॉर पुढच्या पायाचा पंजा आपणहून हातात द्यायची, तो ओला, जड पंजा अजून आठवतो.

नाताळात मिन्स पाय आणि ख्रिसमस पुडिंग उंचावर ठेवा. त्यातल्या मनुका कुत्र्यांना विषारी असतात, चॉकलेटही. आपला बेदाणे घातलेला शिराही तसाच! खाल्लंच तर लक्षणांची वाट न पाहता व्हेटला फोन करा.

मालक निघण्यापूर्वी व्हेटचा नंबर, उपचारांसाठी लेखी संमती आणि विम्याचे कागद घ्या. बॉयलर कसा चालतो, पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे, हे त्यांच्याकडून प्रत्यक्ष पाहून घ्या. थंडीत पाइप फुटला तर शोधाशोध करायला वेळ नसतो.