धूर, ताप आणि दिवसांचा हिशोब : वाचकांचे प्रश्न

या वेळी पत्रांचा गठ्ठा जाड आहे आणि निम्म्याच्या वर पत्रं डासांवरच आहेत. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं नेहमीसारखी गाळलीत. एक विनंती, पत्रात ताप कितव्या दिवसापासून आहे ते लिहीत जा हो, तेवढंच कोणी लिहीत नाही आणि अर्धं उत्तर त्यातच असतं.

प्रश्न : आमच्याकडे दर आठवड्याला धुराची फवारणी होते, समोरचं दिसत नाही इतका धूर असतो, तरी डेंग्यूचे पेशंट वाढतायत. औषधात भेसळ असते का?

औषध एक नंबर असलं तरी हेच होणार. धूर फक्त त्या क्षणी हवेत उडत असलेल्या डासाला लागतो, आणि डेंग्यूचा डास म्हणजे तो पांढऱ्या पट्ट्यांचा एडिस, तो त्या वेळी तुमच्या पलंगाखाली, पडद्यामागे, खुंटीला लटकवलेल्या कपड्यांत मस्त बसलेला असतो. त्यात गाडीचा आवाज आला की आपण पहिलं काम काय करतो, तर खिडक्या लावून घेतो. म्हणजे डास घरात सुरक्षित आणि धूर रस्त्यावर.

बरं, चार डास मेले असं धरू. पाण्यातल्या अळ्या आणि कोष यांना धुराचं काही सोयरसुतक नसतं. उबदार हवेत अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात, त्यामुळे आजची बॅच मेली तरी उद्याची आत तयारच असते. आणि एडिसची मादी अंडी पाण्यावर सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याच्या आतल्या भिंतीला चिकटवते, ती सुकली तरी कित्येक महिने टिकतात, परत पाणी चढलं की फुटतात. म्हणून पाणी नुसतं ओतून द्यायचं आणि तेच भांडं परत भरायचं याला काही अर्थ नाही, आतून घासायला लागतं. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असं जे सांगतात ते याच ७ दिवसांच्या हिशोबाने, कुणाच्या मनात आलं म्हणून नाही.

दुसरा हिशोब असा की मादी पेशंटला चावली म्हणजे लगेच ती रोग पसरवत नाही, विषाणू तिच्या पोटातून लाळेपर्यंत पोचायला ८ ते १२ दिवस जातात. आणि हा डास आळशी, बहुतेक वेळा काहीशे मीटरच्या आतच राहतो. त्यामुळे एखाद्या घरात पेशंट निघाला की आजूबाजूची घरं, गच्च्या, टाक्या, जुने टायर, फ्रीजमागचा ट्रे, कुंडीखालची ताटली हे सगळं त्याच आठवड्यात तपासणं हा खरा उपाय. साथ भडकलेली असताना पेशंटच्या घराच्या आत केलेल्या फवारणीचा उपयोग होतो, नाही असं नाही, पण एरवी धूर हा जास्त करून बघणाऱ्यांसाठी असतो.

हे काही नवीन ज्ञान नाहीये. पीतज्वर (यलो फीवर) डास पसरवतात असं क्यूबाचे डॉक्टर कार्लोस फिनले यांनी १८८१ मध्येच मांडलं होतं, हाच एडिस डास, पण जवळजवळ २० वर्षं कोणी मनावर घेतलं नाही. १९०० मध्ये अमेरिकी लष्करातले डॉक्टर वॉल्टर रीड यांच्या टीमने प्रयोग करून ते सिद्ध केलं आणि मग १९०१ मध्ये विल्यम गॉर्गस यांनी हवानात घरोघर माणसं पाठवून पाण्याची भांडी तपासली, झाकायला लावली, साठलेल्या पाण्यावर तेल टाकलं. काही महिन्यांतच त्या शहरातला पीतज्वर थांबला. तेव्हा ना लस होती ना विषाणू कोणी पाहिला होता.

प्रश्न : मुलाला डेंग्यू झाला, चौथ्या दिवशी ताप उतरला म्हणून आम्ही सुटकेचा श्वास टाकला आणि डॉक्टर म्हणतात आता दोन दिवस जास्त लक्ष ठेवा, प्लेटलेट पण कमी होतायत. ताप गेल्यावर कसली भीती? प्लेटलेट चढवायला सांगू का?

डॉक्टर बरोबर सांगतायत. डेंग्यूत ताप असताना माणूस हैराण दिसतो पण धोक्याचा काळ बहुतेक वेळा ताप उतरतो तेव्हा सुरू होतो, आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या मध्ये कुठेतरी, आणि तो २४ ते ४८ तासांचा असतो. त्यात होतं काय, तर बारीक रक्तवाहिन्या झिरपायला लागतात, रक्तातला पातळ भाग बाहेर जातो, रक्त घट्ट होतं, बीपी पडतं. घरचे म्हणतात ताप नाही, झोपलाय शांत, झोपू दे. ती शांत झोप नसते कधीकधी. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यातून किंवा नाकातून रक्त, लघवी कमी होणं, हातपाय गार पडणं, मूल एकदम मलूल किंवा उलट चिडचिडं होणं, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट न बघता दवाखाना.

प्लेटलेटचं सांगतो. सगळे तो एकच आकडा धरून बसतात, नातेवाईक फोनवर पहिला प्रश्न विचारतात काउंट किती. पण डॉक्टरांचं लक्ष त्याच्याइतकंच, किंबहुना जास्त, हिमॅटोक्रिटवर असतं, म्हणजे रक्त किती घट्ट झालंय त्यावर. रक्तस्राव नसताना नुसता आकडा कमी दिसतो म्हणून प्लेटलेट चढवण्याने फायदा होत नाही, कधी त्रासच होतो. डॉक्टरांवर त्यासाठी दबाव आणू नका, प्लीज. या आजारात जीव वाचतो तो वेळेवर आणि मोजून दिलेल्या पाण्याने, तोंडाने किंवा सलाईनने. तापाला पॅरासिटामॉलच, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी रक्तस्राव वाढू शकतो, घरात ‘मागच्या वेळी उरलेली पेनकिलर’ असते ना, ती नको.

टेस्टलाही दिवसांचा हिशोब आहेच. एनएस१ (विषाणूचंच एक प्रथिन शोधणारी) ही पहिल्या ५ दिवसांत उपयोगी, आयजीएम (विषाणूशी लढायला शरीराने बनवलेल्या अँटिबॉडी शोधणारी) साधारण पाचव्या दिवसापासून. दुसऱ्या दिवशी आयजीएम केली, निगेटिव्ह आली, आणि ‘डेंग्यू नाही’ म्हणून लोक ऑफिसला जातात.

प्रश्न : एकदा डेंग्यू होऊन गेला की परत होत नाही ना? आणि इतकी वर्षं झाली, साधी लस का नाही काढत?

होतो. डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे. ज्या प्रकाराचा झाला त्याच्यापुरतं संरक्षण दीर्घकाळ, उरलेल्या तिघांपासून फक्त काही महिने. आणि गंमत म्हणा की दुर्दैव, दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकाराचा झाला तर तो गंभीर व्हायची शक्यता जास्त, कारण पहिल्या वेळच्या अँटिबॉडी नवीन विषाणूला चिकटतात पण मारत नाहीत, उलट त्याला पेशींच्या आत शिरायला मदत करतात. चोराला ओळखीचा माणूस समजून दार उघडून द्यावं तसं.

लसीचं घोडं इथंच अडतं. लस म्हणजे शरीराला दिलेली एक प्रकारची पहिली ओळख, ती चारही प्रकारांविरुद्ध सारखी पक्की झाली नाही तर वर सांगितलं तसंच होण्याचा धोका. २०१६ मध्ये फिलिपीन्समध्ये शाळकरी मुलांना मोठ्या प्रमाणावर डेंग्यूची लस देण्यात आली आणि २०१७ च्या शेवटी कंपनीनेच जाहीर केलं की ज्यांना आधी कधी डेंग्यू झालाच नव्हता त्यांच्यात लसीनंतर आजार गंभीर होऊ शकतो. मग तिथे इतका गदारोळ झाला की लोकांचा बाकीच्या लसींवरचा विश्वासही डळमळला, ते नुकसान मला जास्त मोठं वाटतं. तेव्हा ‘साधी लस’ म्हणू नका, त्यात साधं काही नाहीये.

प्रश्न : डास एचआयव्ही पसरवतो का?

नाही. तो विषाणू डासाच्या पोटात वाढत नाही, पचून जातो. शिवाय डासाची रक्त ओढायची नळी वेगळी आणि लाळ सोडायची वेगळी, त्यामुळे एकाचं रक्त दुसऱ्याला टोचलं जात नाही.

प्रश्न : मला काहीही होत नाहीये तरी हत्तीरोगाच्या गोळ्या समोर उभं राहून गिळायला लावतात. शेजारच्याने घेतल्या तर त्याला ताप आला. ही जबरदस्ती कशाला?

तुमचा राग कळतो, पण या रोगात ‘काही होत नाहीये’ हीच अडचण आहे. हत्तीरोगाचे जंत लसिका वाहिन्यांत (शरीरातला पाण्यासारखा द्रव वाहून नेणाऱ्या नळ्यांत) वर्षानुवर्षं राहतात आणि त्यांची पिल्लं रक्तात फिरतात, तीही बहुतेक ठिकाणी रात्रीच, म्हणून तर रक्ताचे नमुने घेणारे रात्री दार वाजवायचे. पाय सुजायच्या आधी कित्येक वर्षं माणूस ठणठणीत दिसतो आणि डासांना जंतांची पिल्लं पुरवत असतो. डासाच्या पोटात ही पिल्लं वाढतात हे पॅट्रिक मॅन्सन यांनी १८७७ मध्ये चीनमधल्या अमॉय बंदरात पाहिलं, डासाचा माणसाच्या रोगाशी लावलेला पहिला संबंध तो.

आता गोळ्या. त्या पिल्लांना मारतात, पण मोठे जंत पूर्ण मरत नाहीत आणि ते साधारण ५ ते ७ वर्षं जगतात. म्हणून वर्षातून एकदा असं निदान ५ वर्षं आणि सगळ्यांनी, म्हणजे मोठा जंत म्हातारा होऊन मरेपर्यंत त्याची पिल्लं डासाला मिळूच द्यायची नाहीत. एकूण लोकसंख्येपैकी ६५ टक्के तरी लोकांनी खरोखर गिळल्या तरच साखळी तुटते, आणि घरी नेलेल्या गोळ्या लोक खिडकीत ठेवतात हे सगळ्यांना माहितीये, म्हणून समोर. शेजाऱ्याला ताप आला तो बहुधा जंताची पिल्लं मरत असताना येतो तसा, म्हणजे त्याच्या अंगात ती होती! गरोदर बायका, २ वर्षांच्या आतली मुलं आणि खूप आजारी माणसं यांना देत नाहीत. तुम्ही यांपैकी कोणी नसाल तर गिळा, पण रिकाम्या पोटी नको.

प्रश्न : देवीचा रोग जगातून गेला, मग मलेरिया का जात नाही? रॉस यांनी १८९७ मध्येच शोध लावला होता ना?

हो, २० ऑगस्ट १८९७, सिकंदराबाद, अ‍ॅनॉफिलीस डासाच्या जठरात त्यांना मलेरियाचा परजीवी दिसला. पण कारण कळणं आणि रोग जाणं यात फार अंतर असतं. देवी हा एका अर्थाने सरळमार्गी शत्रू होता. फक्त माणसाला व्हायचा, प्राण्यांत लपायची सोय नाही, अंगावर फोड यायचे त्यामुळे लांबून कळायचं, एकदा झाला की बहुधा जन्मभर परत नाही, आणि लस चांगली. पेशंट शोधायचा, त्याच्या आसपासच्यांना लस टोचायची, असं करत करत १९७७ मध्ये सोमालियात नैसर्गिकरीत्या झालेला शेवटचा पेशंट सापडला आणि १९८० मध्ये देवी संपल्याचं जाहीर झालं.

मलेरियात यातलं बहुतेक काही लागू नाही. ताप बाकी शंभर तापांसारखाच, एकदा होऊन परत होतो, मधे डास आहे, आणि व्हायवॅक्स जातीचा परजीवी तर यकृतात महिनोन् महिने दडून बसतो. म्हणून त्या दडलेल्या परजीवीला मारणाऱ्या गोळ्यांचा १४ दिवसांचा कोर्स असतो आणि लोक चौथ्या दिवशी बरं वाटलं की सोडतात. १९५५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगातून मलेरिया घालवायचाच असं ठरवलं, भरवसा मुख्यतः डीडीटी या कीटकनाशकावर. बऱ्याच देशांतून गेलाही. पण डास डीडीटीला दाद देईनात, परजीवी क्लोरोक्विन या औषधाला दाद देईना, पैसा आटला, आणि १९६९ मध्ये ते ध्येय गुंडाळून ठेवावं लागलं. आता २०२१ आणि २०२३ मध्ये शिफारस झालेल्या दोन लसी आहेत, लहान मुलांसाठी, पण त्या मच्छरदाणीची जागा घेत नाहीत.

उलट नारूचं बघा, म्हणजे पिण्याच्या पाण्यातून पोटात जाऊन पुढे पायातून बाहेर येणारा लांब जंत. त्याला लस नाही, औषधही नाही. १९८६ च्या सुमारास जगात अंदाजे ३५ लाख लोकांना व्हायचा, अलीकडे वर्षाला पंधराच्या आसपास. कशाने, तर पाणी फडक्याने गाळून पिणं आणि पायातून नारू बाहेर येत असलेल्या माणसाला पिण्याच्या पाण्यात उतरू न देणं. तरी शेवटचं टोक संपत नाहीये, कारण आता तो कुत्र्यांमध्येही सापडतोय.

प्रश्न : डास कमी करायचे सोडून मुद्दाम बॅक्टेरिया घातलेले डास सोडतात असं वाचलं, खरं का?

खरं. वोल्बाकिया नावाचा हा बॅक्टेरिया सुमारे निम्म्या जातींच्या किड्यांमध्ये निसर्गतःच असतो, एडिस इजिप्तीत, म्हणजे डेंग्यूच्या मुख्य डासात, सहसा नसतो. तो घातला की डासात डेंग्यूचा विषाणू नीट वाढत नाही आणि हा बॅक्टेरिया मादीकडून पिल्लांत आपोआप उतरतो. इंडोनेशियातल्या योग्यकर्तामध्ये शहराचे भाग चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटून चाचणी केली, २०२१ मध्ये निकाल आला, असे डास सोडलेल्या भागात डेंग्यू ७७ टक्क्यांनी कमी. चावणार मात्र ते तेवढेच, ती तक्रार राहील.

प्रश्न : कुत्र्याचा दात नुसता घासून गेला, किंचित रक्त आलं. कुत्रा पाळीव वाटतो. पाचही इंजेक्शनं घ्यायलाच हवीत का?

हे पत्र आम्ही अंकासाठी थांबवून ठेवलं नाही, मिळाल्या दिवशीच फोन केला. बाकीच्यांसाठी लिहितो. आधी नळाखाली धरून साबणाने १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून, जखमेवर काहीही चोपडू नका. रक्त आलंय म्हणजे लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन) लागतं. दंडातली लस असेल तर ०, ३, ७, १४ आणि २८ वा दिवस, आणि ० म्हणजे आज. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की जवळजवळ कोणी वाचत नाही, पण त्याआधी सहसा काही आठवडे हातात असतात. या वाचकाने त्यातले ४ दिवस पत्र लिहून उत्तराची वाट बघण्यात घालवले होते. उशीर झाला तरी लस घ्यायचीच असते, त्याच संध्याकाळी ते जाऊन घेऊन आले.