ठासणीच्या बंदुकीत काळ्या दारूऐवजी काय भरावं?

पाटणकडे रानडुकरांसाठी घेतलेल्या परवान्याच्या ठासणीच्या बंदुकीबद्दल विचारलंय, तर आधी ती पेटते कशी ते बघा. चकमकीची असेल तर पर्याय शोधूच नका, रंजकाला (ठिणगीने आधी पेटणाऱ्या चिमूटभर दारूला) खरी काळी दारूच हवी. पायरोडेक्स या पर्यायी दारूला पेट घ्यायला काळ्या दारूपेक्षा जास्त उष्णता लागते. टोपीची (घोडा आपटल्यावर टोपी पेटणारी) असेल तर पायरोडेक्स चालतं. ते हलकं असतं, म्हणून काट्यावर तोलायचं नाही, काळ्या दारूच्याच मापाने भरायचं. ट्रिपल सेव्हन हा दुसरा पर्याय जास्त जोरकस. त्याचं माप साधारण 15 टक्के कमी. ब्लॅकहॉर्न 209 या तिसऱ्या पर्यायाला शॉटगनच्या काडतुसातला प्रायमर (दारू पेटवणारा भाग) लागतो, जुन्या बंदुकीत त्याचा उपयोग नाही. काडतुसातली बिनधुराची दारू चुकूनही नको, नळी फुटते! आणि पायरोडेक्सनेही गंज चढतोच, त्याच दिवशी नळी धुवून तेल लावा. नळी फारच जुनी असेल तर हे सगळं नंतर, आधी साताऱ्यातल्या परवानाधारक कारागिराला दाखवा.