नाव घेतलं गेलं नाही, तेव्हा

प्रिय ताई,

तुम्ही लिहिलंत, वर्षानुवर्षं संडे स्कूल सांभाळलं, नाताळची नाटुकली बसवली आणि प्रमुख नेमायची वेळ आली तेव्हा अलीकडेच चर्चच्या मंडळीत आलेल्या बाईंचं नाव जाहीर झालं. तुमचा साधा उल्लेखही नाही. "माणसांना मी दिसत नाही, पण देवालाही दिसत नाही का?" तुमचा हा प्रश्न मनातून जात नाही.

वाईट वाटलं म्हणजे विश्वास कमी पडला, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. बायबलमधलं 13वं स्तोत्र उघडा. पहिल्या दोनच वचनांत दावीद चार वेळा देवाला विचारतो, कुठवर? मला विसरलास का? पवित्र शास्त्राने हे गाऱ्हाणं प्रार्थना म्हणून जपलंय. तुम्हीही असंच बोला, गोड शब्द शोधत बसू नका.

मग नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा पहिला अध्याय वाचा. येशूला धरून देणाऱ्या यहूदाच्या जागी एक प्रेषित निवडायचा होता. नावं दोन आली, मत्थिया आणि योसेफ बर्सबा. योहानाच्या बाप्तिस्म्यापासून दोघंही प्रभूसोबत होते. चिठ्ठी मत्थियाची निघाली. योसेफाला काय वाटलं असेल? शास्त्र सांगत नाही. प्रवचनात हा भाग भरभर उरकतात, मला मात्र तिथेच आधार मिळतो. कारण मत्थियाचंही नाव नव्या करारात पुन्हा येत नाही. निवडलेल्याला आणि राहिलेल्याला शेवटी एकच आशा होती, मेलेला येशू उठला आहे ही. आणि उठल्यावर त्याने काय केलं? कबरेपाशी रडणाऱ्या मग्दालीया मरियेला तो माळी वाटला, त्याने "मरिये" अशी हाक मारली तेव्हा कुठे तिने ओळखलं. तुमचं नाव मंडळीच्या यादीत राहून गेलं, ताई, पण त्याच्या तोंडी ते आहे, असं मी मनापासून मानते.

म्हणून गप्प बसा असं नाही. "सेवा मानासाठी नसते" हे वाक्य दुखावलेल्याला गप्प करायला फार वापरलं जातं, ते मला पटत नाही. पाळकसाहेबांकडे उपासनेच्या गडबडीत नको, मधल्या वारी वेळ मागा. निर्णय कसा झाला ते सरळ विचारा, दुखलं तेही सांगा. थकला असाल तर काही महिने वर्ग दुसऱ्या कुणाकडे द्या आणि उपासनेत नुसत्या बसा. मुलांची आठवण यायला लागली की परत घ्या. पाळकसाहेब काय म्हणाले, ते मला जरूर कळवा.

तुमची,
ताई